दिवे लख्ख, पण सेल्फ फिरेना

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापुरात आषाढाची झड लागली, की उद्यमनगरातील आमच्या शेडमध्ये एक वाक्य रोज कानावर पडते. "मिस्त्री, काल रात्रीपर्यंत गाडी अगदी व्यवस्थित होती, आज सकाळी अचानक बंद पडली." पंक्चर झालेला टायर दिसतो, गळणारे ऑइल दिसते, पण तारेतून वाहायची थांबलेली वीज कोणालाच दिसत नाही, आणि म्हणून अशा वेळी हाताशी येईल तो भाग, बहुधा बॅटरी, बदलून पाहिला जातो. गेली सव्वीस वर्षे मी मोटारींच्या वायरिंगचे काम करतो आहे. या काळात निर्दोष असूनही काढून टाकलेल्या इतक्या बॅटऱ्या आणि इतके सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणाऱ्या विजेच्या मोटर, मी पाहिले आहेत, की आधी मोजावे आणि मगच बदलावे, हे आपणा सर्वांना मनापासून सांगण्यासाठी मी आज इथे आलो आहे.

दोन वर्षांपूर्वी एका माध्यमिक शाळेतील विज्ञानाचे शिक्षक आपली जुनी पेट्रोल मोटार दोरीने ओढत आमच्याकडे घेऊन आले. चावी फिरवली की नुसता टक असा आवाज येई आणि इंजिन ढिम्म राही, हेडलाइट मात्र लख्ख पेटत. पंधरा दिवसांत त्यांनी दुसरीकडे नवी बॅटरी बसवून घेतली होती, सेल्फही बदलून घेतला होता, आणि दोन्हींचे पैसे भरूनही गाडी जागची हलत नव्हती. मी बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर मीटर लावला. गाडी बंद असताना चांगली चार्ज झालेली बारा व्होल्टची बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 म्हणजे ती साधारण निम्मी उतरलेली असते आणि 12 च्या खाली ती जवळजवळ रिकामी समजावी. इथे 12.6 होते. मग मी त्यांना सेल्फ मारायला सांगितले आणि काट्याकडे पाहत राहिलो. बॅटरी कमजोर असती, तर आकडा 9.6 च्याही खाली कोसळला असता. सेल्फ नीट फिरत असता, तरी तो 10 ते 11 पर्यंत उतरला असता. तो 12.2 वर थांबला. याचा अर्थ असा, की बॅटरी वीज द्यायला तयार होती, पण ती वाटेत कुठेतरी अडत होती.

मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरली. हे दोन्ही बिंदू जाड तारेने एकमेकांना जोडलेले असल्यामुळे सेल्फ मारताना त्यांच्यात पाव व्होल्टापेक्षा फारसा अधिक फरक दिसायला नको. मीटरने आठ व्होल्ट दाखवले. त्याच वेळी क्लचच्या तारेला माझा हात लागला आणि चटका बसला. ती तार केवळ पेडल ओढण्यासाठी असते, पण इंजिनाकडून बॅटरीकडे परतणाऱ्या विजेची खरी वाट बंद झाल्यामुळे सगळा प्रवाह त्या बारीक तारेतून जाऊ पाहत होता. गाडीखाली सरपटत गेल्यावर गिअरबॉक्सला जोडलेली अर्थिंगची, म्हणजे विजेच्या त्या परतीच्या वाटेची, विणलेली पट्टी सापडली. वरून ती धड दिसत होती, परंतु बोल्ट सोडताच तिचे टोक हिरव्या चुऱ्यासारखे हातात आले.

दिवे लख्ख पेटतात म्हणजे बॅटरी आणि वायरिंग उत्तम आहे, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. एखाद्या गंजलेल्या जोडात 0.02 ओहम इतकाच रोध आहे असे समजू. दोन हेडलाइट मिळून सुमारे 9 अँपिअर घेतात, तेव्हा त्या जोडात जेमतेम 0.18 व्होल्ट खर्ची पडतात आणि उजेडात आपल्याला काही फरक जाणवत नाही. सेल्फ मात्र 150 अँपिअरच्या आसपास ओढतो, आणि तोच जोड त्याचे तीन व्होल्ट गिळतो. त्यामुळे बिघडलेला जोड ओळखायचा असेल, तर त्यातून भरपूर वीज वाहत असतानाच त्याच्या दोन्ही बाजूंना मीटर लावावा लागतो.

एकाच वेळी पाच गोष्टी बिघडल्या, तर पाचही भाग एकदम खराब झाले असे सहसा होत नाही. त्या पाचांची जी सामाईक वाट असते, तिथे बिघाड असतो. मागच्या दिव्यांत हे सहज पाहता येते. ब्रेक दाबल्यावर त्याच बाजूचा इंडिकेटरही मंद उजळू लागला, तर त्या दिव्यांची अर्थिंग गेली आहे आणि वीज दुसऱ्या बल्बमधून परतीची वाट शोधते आहे, असे खुशाल समजावे. नव्या गाड्यांत बॅटरी उतरली, की ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग अशा सगळ्यांचे इशारे डॅशबोर्डवर एकदम पेटतात आणि बिघाड वाचणारा स्कॅनर लावला तर बिघाडांच्या कोडची रांग लागते. अशा वेळी आधी बॅटरी पूर्ण चार्ज करावी, कोड पुसावेत आणि पुन्हा आलेल्या कोडांवरच विश्वास ठेवावा.

फ्यूज वारंवार उडत असेल, तर त्याच्या जागी मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालू नये. हे मी विनवणी करून सांगतो, कारण तसे केल्यावर फ्यूजऐवजी तार तापते आणि गाडीला आग लागते. आम्ही फ्यूजच्या जागी ब्रेकलाइटचा 21 वॅटचा बल्ब जोडतो. शॉर्ट कायम असेपर्यंत बल्ब पूर्ण उजळतो आणि प्रवाह दोनएक अँपिअरच्या वर जात नाही. मग वायरिंगचा जुडगा हळूहळू हलवत जावे, आणि ज्या ठिकाणी हात लावताच बल्ब मंदावतो, तिथेच शॉर्ट असतो. पुष्कळदा तिथे उंदराने कुरतडलेली तार निघते. उसाच्या फडाजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत पावसाळ्यात आणि ऊसतोडीनंतर हे अधिक घडते. एअरबॅगच्या तारांना मात्र बल्ब किंवा मीटर, काहीही लावू नये, आणि हायब्रिड किंवा विजेवर चालणाऱ्या गाडीतील नारंगी केबलना तर हातही लावू नये.

मालकाला नीट विचारले, तर निम्मा शोध तिथेच लागतो. अलीकडे कोणी म्युझिक सिस्टिम बसवली का, आंबा घाटातील धुक्यासाठी जादा दिवे रिलेशिवाय (मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचशिवाय) जोडले का, इंजिन पाण्याच्या फवाऱ्याने धुतले का, हे मी आवर्जून विचारतो. पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांबद्दल तर विशेष काळजी घ्यावी. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरांनंतर आमच्याकडे आलेल्या कित्येक गाड्या पहिले काही आठवडे चालल्या आणि नंतर एकेक दिवा, एकेक काच बंद पडत गेली, कारण प्लास्टिकच्या कनेक्टरमध्ये शिरलेले पाणी आत हळूहळू पितळ खात होते. गाडीत पाणी शिरले असेल, तर चावी फिरवून पाहण्याचा मोह टाळावा आणि आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवावी.

ही केबल सोडवण्याचे काम इंजिन चालू असताना कधीही करू नये. अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारे यंत्र, तपासण्यासाठी चालू गाडीची बॅटरी काढण्याची जुनी रीत आजही काही ठिकाणी दिसते, पण त्या क्षणी व्होल्टेजची जी उसळी येते, तिने गाडीचा कंट्रोल युनिट कायमचा निकामी होऊ शकतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसले, तर अल्टरनेटर काम करतो आहे. काही नव्या गाड्या मात्र गरजेनुसार हा आकडा मुद्दाम खालीवर करतात. घाटात चालता चालता बॅटरीचा लाल दिवा लागला, तर एसी आणि नको ते दिवे बंद करावेत आणि तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवावे. अल्टरनेटर फिरवणारा पट्टा तुटला असेल आणि त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप असेल, तर इंजिन तापू लागते, तेव्हा पुढे न जाता सुरक्षित जागी थांबावे.

त्या शिक्षकांच्या गाडीला नवी पट्टी बसवली, जोडाखालचा रंग खरवडून धातू उघडा केला आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. पुन्हा मोजले, तेव्हा आठ व्होल्टच्या जागी 0.15 व्होल्ट दिसले आणि सेल्फ पहिल्या झटक्यात फिरला. पैसे देऊन झाल्यावर त्यांनी ती सडलेली पट्टी मागितली. मी म्हणालो, "सर, भंगारात तिचे काही मिळायचे नाही." ते म्हणाले, "भंगारासाठी नको आहे मिस्त्री, नववीला ओहमचा नियम शिकवताना मुलांच्या हातात देईन." त्यांनी ती रुमालात गुंडाळली आणि गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवली.

नमस्कार.