पीळ, टेप आणि पक्कड

(दृश्य: उघडा डॅशबोर्ड, आत टॉर्चचा उजेड)

स्टीरिओची पिवळी वायर. गाडीच्या वायरला नुसता पीळ दिलाय, वरून काळी टेप. टेप सुटलीय, गोंद पाघळून खालच्या वायरींवर ओघळलाय. गाडी नागपूरची, काम दोन उन्हाळ्यांपूर्वीचं. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो. तेव्हा काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डला हात लावून बघा.

तक्रार साधीच होती. खड्ड्यात गाडी आदळली की गाणं बंद.

(दृश्य: सदरमधलं दुकान, मिस्त्रींचे हात)

"पीळ देऊन टेप मारली म्हंजे जोड नाही होत, भाऊ. थे नुसतं झाकन होय."

आता पक्कड बघा. साधी नाही, रॅचेटची. पूर्ण दाबल्याशिवाय तोंड उघडतच नाही. वायर सात-आठ मिलिमीटर सोलली, एकही बारीक तार तुटू न देता. मग कनेक्टर, म्हणजे वायरींची टोकं आत घालून पक्कडने दाबायची रंगीत नळी: लाल दीड चौरस मिलिमीटरपर्यंतच्या वायरला, निळा अडीचपर्यंत, पिवळा त्याहून जाड. रंग चुकला तर वायर आत खेळत राहते. कटकट कट! आतल्या तारा इतक्या आवळल्या जातात की मध्ये हवेला जागा उरत नाही. आणि मग मिस्त्री वायर ओढतात. चांगला जोर लावून. हे प्रत्येक जोडाला, न कंटाळता.

सोल्डर, म्हणजे वितळलेल्या धातूचा डाग, का नाही, हे आम्हीही विचारलं. सोल्डर तारांमधून आत झिरपतं, तेवढा भाग कडक होतो. कडक भाग संपतो तिथेच वायर हादऱ्याने तुटते. वायर नीट बांधून घेतली तर तेही टिकतं म्हणा.

खरं तर कंपनीची वायर कापायचीच नसते, कंपनीच्या प्लगमध्ये थेट बसणारा मधला कपलर मिळतो. या गाडीत आधीच्या मिस्त्रीने कंपनीचा प्लगच कापून टाकला होता.

(दृश्य: बॉडीवरचा रंग खरवडताना)

काळी वायर, म्हणजे अर्थिंगची, गाडीच्या बॉडीला जोडायची. रंगावर थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची कडी, कसलं तर करंट जाणार कुठून? म्हणून खाली चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडायचं.

जोडात ०.१ ओहम रोध राहिला, तर १० अँपिअरला १ व्होल्ट तिथेच जातो आणि १० वॅट उष्णता होते. मोठ्या अॅम्प्लिफायरच्या वायरवर यातून आगही लागू शकते. म्हणून बॅटरीजवळ फ्यूज हवाच. फ्यूज बसवताना कॅमेरा बाहेर होता.

(दृश्य: हीट गन, आकसणारी स्लीव्ह)

गरम हवा लागली की जोडावर चढवलेली प्लास्टिकची नळी, म्हणजे स्लीव्ह, वायरला घट्ट बिलगते. हा शॉट आम्ही तीनदा घेतला.

"झालं का जी?" गाडीवाले काका विचारतात.

मिस्त्री अजून एक वायर ओढून बघतात. मग कापलेला जुना जोड काकांच्या तळहातावर ठेवतात. गोंद बोटांना चिकटतो, काका तो पँटला पुसतात.