खारट पॉपकॉर्न आणि गाणारा पोस्टमन

नमस्कार मंडळी. आजचा विषय आहे स्वतःच्या जिवावर गाणं करणारा माणूस. म्हणजे कसं, की गाणी त्यानेच लिहायची, चाल त्यानेच लावायची, गायची त्यानेच आणि रेकॉर्ड काढून विकायचीसुद्धा त्यानेच, मधे कुठली मोठी कंपनी नाही. माणसाचं नाव जॉन प्राईन. अमेरिकेतला. कोणी त्याला कंट्रीवाला म्हणतं, म्हणजे तिकडच्या गावाकडच्या ढंगाची गाणी गाणारा, कोणी फोकवाला, म्हणजे लोकगीतवाला, दुकानदारांना कप्पे लागतात म्हणून ती नावं, आपण त्यात पडायला नको. परत सांगतो, जॉन प्राईन, जन्म 1946, गाव मेवूड, शिकागोला लागूनच.

घरचे मूळचे केंटकी राज्यातले, कोळशाच्या पट्ट्यातले. वडील कारखान्यात कामाला, आणि घरात कंट्री गाणी सतत. गिटार शिकवली थोरल्या भावाने. शाळा संपली, पोस्टात लागला, मग सैन्यात बोलावणं आलं. व्हिएतनामचे दिवस होते, पण याच्या नशिबाने पोस्टिंग जर्मनीत, गाड्या दुरुस्त करायच्या खात्यात. परत आला आणि पुन्हा खांद्यावर पोस्टाची पिशवी.

आता पोस्टमनला काय असतं, रस्ता पाठ झाला की पाय आपोआप चालतात आणि डोकं मोकळं. हा चालता चालता गाणी रचायचा. शिकागोचा हिवाळा, वारा अंगात घुसतो, तर तिकडे कोपऱ्यावर पोस्टाची मोठी हिरवी लोखंडी पेटी असते, पुढच्या फेरीची पत्रं ठेवायला, हा त्या पेटीत शिरून बसायचा आणि वाऱ्यापासून लपून सँडविच खायचा! त्याने स्वतःच सांगितलंय हे. आणि गंमत बघा, आज मेवूडच्या पोस्ट ऑफिसला त्याचंच नाव आहे.

बरं, आता तो किस्सा. मी हा किस्सा कुठेही सांगतो, लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगितलाय, त्यामुळे आज तर सांगणारच.

1970 साल. शिकागोत फिफ्थ पेग नावाची एक छोटी जागा होती, तिथे बिअर मिळायची आणि ज्याला वाटेल त्याने स्टेजवर जाऊन गावं अशी एक रात्र असायची. आपला पोस्टमन मागे बसून बिअर पीत होता आणि गाणाऱ्यांना नावं ठेवत होता, हे काय गाणं आहे का वगैरे. शेजारच्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं, एवढं कळतंय तर जा ना वर, तू गा. झालं. आता मागे कसं फिरणार? गेला वर. तोवर आयुष्यात लोकांसमोर कधी गायलेला नाही.

तीन गाणी म्हटली. एक होतं लढाईवरून व्यसन घेऊन परतलेल्या सैनिकाचं. एक एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या नवरा-बायकोचं, ते सुचलं कारण लहानपणी मित्राबरोबर पेपर टाकायला तो वृद्धाश्रमात जायचा. आणि तिसरं वडिलांच्या गावाचं, जे कोळशाच्या कंपनीने खणून खणून संपवलं. तिशी न गाठलेला मुलगा ही गाणी म्हणतोय. संपल्यावर टाळी नाही. काहीच नाही. लोक नुसते बघतायत. हा बिचारा पाय घासत उभा, मनात म्हणतोय की मेलो, आवडलं नाही, उतरू का खाली. आणि मग एकदम टाळ्या, थांबेचनात. मालकाने तिथेच विचारलं, दर गुरुवारी येशील का, दारावर जमेल त्यातले अर्धे पैसे तुझे.

(जाता जाता एक. आपल्याकडे हल्ली निवेदक पहिली ओळ ऐकली की टाळ्या मागतो, जोरदार होऊन जाऊ द्या म्हणतो. अहो, गाणं तर संपू द्या. जरा वेळ गप्प बसलं तर काय बिघडतं?)

तर गुरुवार सुरू झाले. दिवसा टपाल, रात्री गाणं. गर्दी बेताचीच. आणि आता एंट्री रॉजर ईबर्टची. ईबर्ट म्हणजे शिकागो सन-टाइम्सचा सिनेमा समीक्षक, तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा पोरगा, पुढे 1975 ला त्याला पुलित्झर मिळालं, म्हणजे अमेरिकेतला पत्रकारितेचा मोठा पुरस्कार, सिनेमा समीक्षेसाठी मिळालेलं पहिलं पुलित्झर ते. पण हे पुढचं. त्या रात्री तो गेला होता सिनेमा बघायला, नोकरीच ती. प्राईन सांगायचा त्याप्रमाणे, ईबर्टला सिनेमा आवडला नाही, आणि वरून थिएटरातलं पॉपकॉर्न इतकं खारट की घशाला कोरड पडली. पडली म्हणजे अशी पडली की साहेब सिनेमा अर्धा टाकून उठले, बाहेर आले आणि बिअर कुठे मिळेल म्हणून जे पहिलं दार दिसलं त्यात शिरले. ते दार फिफ्थ पेगचं!

आत एक पोस्टमन गातोय. बिअर प्यायला आलेला माणूस बसून राहिला. आणि सिनेमावर लिहायचं सोडून त्याने पेपरात लेख लिहिला या पोस्टमनवर, 9 ऑक्टोबर 1970 ला छापून आला, मथळ्यातच गाणारा पोस्टमन. दुसऱ्या दिवशी प्राईनचा चोविसावा वाढदिवस! वाढदिवसाला असं प्रेझेंट कोणाला मिळतं सांगा. प्राईन म्हणायचा की त्यानंतर माझ्या कार्यक्रमाला खुर्ची कधी रिकामी दिसली नाही. आणि ईबर्टने पुढे कबूल केलं की यात माझी अक्कल काही नाही, निव्वळ नशिबाने मी त्या दारात शिरलो.

म्हणून मी म्हणतो, थिएटरातल्या खारट पॉपकॉर्नला शिव्या देऊ नका. किमतीला द्या. पाण्याची बाटली आत नेऊ देत नाहीत त्यालाही द्या, ते तर मला कधी पटलेलंच नाही.

अरे, वेळ बराच गेला की. पुढचं पटापट सांगतो.

1971 मध्ये मित्र स्टीव्ह गुडमन एका रात्री क्रिस क्रिस्टॉफरसनला घेऊन आला. तेव्हाचा मोठा कंट्री गीतकार, बरोबर गायक पॉल अँका. प्राईन गात होता तो क्लब बंद होत आलेला, खुर्च्या टेबलांवर चढलेल्या, आणि प्राईन झोपलेला. उठवलं, गायला लावलं, आणि ऐकून झाल्यावर क्रिस्टॉफरसन म्हणाला परत सगळी म्हण. त्यानेच पुढे लिहिलं की पोराचं वय चोवीस आणि लिहितो दोनशे वीस वर्षांचा असल्यासारखा. मग न्यूयॉर्क, तिथे अटलांटिक कंपनीचा करार, आणि त्याच वर्षी पहिली रेकॉर्ड. पोस्टाची नोकरी सुटली.

आता मुद्दा, जो खरं तर आजचा विषय आहे. 1980 पर्यंत त्याने दोन मोठ्या कंपन्यांसाठी सात अल्बम केले. समीक्षक खूश, दुसरे गायक त्याची गाणी गायचे, पण याच्या स्वतःच्या रेकॉर्डचा खप काही फार नाही. आणि मोठ्या कंपनीचं गणित तुम्हाला माहितीये, आगाऊ पैसे देतात, ते गायकाच्या वाट्यातून वळते करून घेतात, आणि रेकॉर्डिंगची मालकी बहुतेक वेळा कंपनीचीच राहते. म्हणजे घर बांधलं तुम्ही, सातबारा दुसऱ्याच्या नावावर. प्राईन म्हणाला नको. 1981 ला, मॅनेजर अल ब्युनेटाला सोबत घेऊन त्याने स्वतःची कंपनी काढली, ओ बॉय रेकॉर्ड्स. गाणी त्याची, मालकीही त्याची. हे परत सांगतो कारण हेच महत्त्वाचं आहे, गाणी त्याची, मालकीही त्याची.

आणि भांडवल? ऐकणाऱ्यांनी दिलं. पुढचा अल्बम अजून बनायचाय आणि लोकांनी आधीच चेक पाठवले. पोस्टाने! पाकिटं येत गेली, खर्च निघाला, 1984 ला ओ बॉयवरचा त्याचा पहिला पूर्ण अल्बम आला. आज ऑनलाइन वर्गणी काढून अल्बम करतात आणि केवढी नवलाई वाटते, या माणसाने ते पाकिटं फोडून केलं.

लगेच भरभराट झाली असं नाही हं. जाहिरातीला पैसा नव्हता, मोठ्या स्टेशनांवर गाणं वाजेल याची खात्री नव्हती, त्यामुळे गावोगाव कार्यक्रम करायचे. मोठं यश आलं 1991 च्या अल्बमला, ग्रॅमी हा संगीताचा मोठा पुरस्कार मिळाला, तोही स्वतःच्या कंपनीच्या रेकॉर्डला. 1998 ला मानेचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, आवाज खाली गेला, तर याने गाणी खालच्या पट्टीत घेतली आणि गात राहिला. 2013 ला फुप्फुसाचा झाला, तेव्हा व्यायाम काय, तर जिना धावत चढायचा-उतरायचा आणि लगेच गिटार घेऊन दोन गाणी म्हणायची, दम पुरतोय का बघायला. पुढे बायको फियोना आणि मुलगा, त्याचं नाव जोडी, हे कंपनीचा कारभार बघायला लागले. त्या दोघांनी याला नॅशव्हिल शहरातल्या एका हॉटेलात नेऊन बसवलं, बरोबर अर्धवट गाण्यांच्या कागदांची खोकी, म्हणाले आता लिही. त्यातून 2018 चा अल्बम निघाला, बिलबोर्डच्या यादीत, म्हणजे तिकडच्या अल्बमच्या खपाच्या यादीत, पाचवा नंबर, एवढ्या वर्षांच्या धंद्यातला त्याचा सगळ्यात वरचा. वय एकाहत्तर!

7 एप्रिल 2020 ला कोविडने गेला. पुढच्या वर्षी त्याच्या शेवटच्या गाण्याला दोन ग्रॅमी मिळाली, आणि कंपनी अजून घरच्यांकडेच आहे.

ऐकायचं असेल तर 1971 च्या पहिल्या अल्बमपासून सुरुवात करा. उच्चार पहिल्या वेळी सगळे लागणार नाहीत, दुसऱ्यांदा लावा, शब्द अगदी साधे आहेत. आणि लावाल तेव्हा गीतकाराचं नावही मोठ्याने सांगा घरातल्यांना, कारण हल्ली रेडिओवर गायक सांगतात, सिनेमा सांगतात, हिरो सांगतात, लिहिणाऱ्याचं नाव मात्र गाळतात, यावर मी आमच्या ऑफिसात दर मीटिंगला भांडतो. चला, बातम्यांची वेळ झाली. भेटू पुढच्या आठवड्यात.