हलका डेस्कटॉप: वजन नेमकं कुठे असतं?

लिनक्सवर सगळ्यांत हलका डेस्कटॉप कोणता, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. उत्तर सोपं आहे: डेस्कटॉप न घेणं. नुसता विंडो मॅनेजर घ्या, काम झालं. पण विचारणाऱ्याला हे उत्तर नको असतं, आणि ते बरोबरच आहे.

डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट ही एक वस्तू नाही, मोट आहे. खिडक्या हलवणारा विंडो मॅनेजर, खालचं किंवा वरचं पॅनेल, फाइल मॅनेजर, सेटिंग, सूचना दाखवणारी खिडकी, आणि पडद्यामागे गुपचूप राबणारी चार-पाच माणसं. ही माणसं दिसत नाहीत, म्हणून त्यांची किंमत कळत नाही. मी एकदा मोठ्या उत्साहात नुसत्या ओपनबॉक्स या विंडो मॅनेजरवर गेलो. मेमरीचा आकडा बघून खूश होतो. मग भर सादरीकरणात लॅपटॉप पटकन बंद पडला. बॅटरी संपत आल्याचं सांगणारा कोणी उरलाच नव्हता! पेनड्राइव्ह आपोआप दिसत नव्हता, झाकण मिटल्यावर स्क्रीन लॉक होत नव्हती. शेवटी एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपचा पॉवर मॅनेजर ओपनबॉक्सखाली चालवला आणि प्रश्न मिटला. मोट सोडून हवे तेवढेच भाग उचलता येतात, ही युनिक्स घराण्याची (लिनक्स त्यातलीच) खरी चैन.

आता त्या आकड्याबद्दल. लोक मशीन सुरू करतात, मेमरीचा हिशेब दाखवणारी ‘फ्री’ कमांड चालवतात आणि तिच्यातला ‘फ्री’चा रकाना बघून निकाल देतात. लिनक्स रिकामी रॅम रिकामी ठेवत नाही, फाइलींच्या कॅशसाठी वापरते आणि गरज पडली की सोडते. म्हणून बघायचा तो ‘अव्हेलेबल’चा रकाना. आणि तोही नुसतं लॉगिन केल्यावर नाही, तुमचे रोजचे प्रोग्रॅम उघडल्यावर. दोन डेस्कटॉपांतला फरक बहुतेक वेळा काहीशे एमबीचा असतो. ब्राउझरमध्ये दहा-बारा जड पानं उघडली की तेवढे सहज जातात.

जुन्या मशीनवर रॅम पुरेशी असूनही सगळं रखडतं, तेव्हा संशय ग्राफिक्सवर घ्या. चांगला ड्रायव्हर नसेल तर सावल्या आणि पारदर्शकता प्रोसेसरला रंगवाव्या लागतात. एक्सएफसीईमध्ये हे काम करणारा कंपोझिटर एका खुणेसरशी बंद करता येतो. हे एकच कारण मला तो सुचवायला पुरतं.

एक्सएफसीई १९९६ साली ऑलिव्हिए फूर्दाँ यांनी सुरू केला. एलएक्सडीई हा दुसरा हलका डेस्कटॉप २००६चा, जीटीके-२ या टूलकिटवरचा (टूलकिट म्हणजे खिडक्या, बटणं काढणाऱ्या तयार लायब्ररींचा संच). त्याचाच धागा पुढे क्यूटी या दुसऱ्या टूलकिटवर गेला, रेझर-क्यूटी या डेस्कटॉपला मिळाला आणि एलएक्सक्यूटी झाला. माटे हा डेस्कटॉप २०११ साली ग्नोम या मोठ्या डेस्कटॉपची तिसरी आवृत्ती आल्यावर, जुना ग्नोम २ न सोडवणाऱ्यांनी चालू ठेवला. (बरेच जण मेट म्हणतात, पण नाव येर्बा माटे या वनस्पतीवरून आहे.) हा इतिहास पाठ करू नका, त्यातली टूलकिटची गोष्ट तेवढी घ्या. तुमचे रोजचे प्रोग्रॅम क्यूटीचे असतील तर एलएक्सक्यूटीखाली त्या लायब्ररी आधीच मेमरीत असतात. जीटीकेचे असतील तर एक्सएफसीई किंवा माटे. उलट जोडी लावलीत तर दोन्ही संच पोसावे लागतात, आणि दिसायलाही ठिगळ लागतं.

पडद्यावर खिडक्या दाखवण्याची जुनी व्यवस्था एक्स ११, आणि तिची जागा घेणारी नवी वेलँड; तिचं थोडक्यात सांगतो. एक्स ११ हा १९८७चा आहे, आणि हलके डेस्कटॉप अजून मुख्यतः त्याच्याच भरवशावर उभे राहिलेत. डिसेंबर २०२४मध्ये आलेल्या एक्सएफसीई ४.२०मध्ये वेलँडचा आधार प्रायोगिक आहे. वेलँडमध्ये खिडक्या सांभाळणारा आणि चित्र जुळवणारा एकच, त्यामुळे भाग बदलण्याची ती चैन तिथे थोडी आखडते. ओपनबॉक्सची सवय असेल तर वेलँडवरचा लॅबडब्ल्यूसी बघा, वळण तसंच आहे.

निवड वाचून होत नाही. एकाच मशीनवर दोन डेस्कटॉप टाकता येतात, लॉगिनच्या पडद्यावर हवा तो निवडायचा. प्रत्येकावर आठवडाभर रोजचं काम करा आणि स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) वापरला जातोय का, तेवढं बघा. मेनूत दोन-दोन फाइल मॅनेजर दिसले तर दचकू नका. चाचणीसाठी वेगळा युजर बनवा, म्हणजे एकाच्या सेटिंगची दुसऱ्यात सरमिसळ होणार नाही.