राख हलवायच्या आधी

(दृश्य : पहाट. जिनिंगचं फाटक, आत धूर.)

धरणगाव-चोपडा पट्ट्यातली एक जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारा कारखाना. आग रात्रीच आटोक्यात आली, असं सगळे म्हणतात. पण कापसाची आग वरून विझते, आतून नाही. दीडशे-पावणेदोनशे किलोची दाबून बांधलेली गठाण पोटात आग धरून ठेवते, आणि फोडली की वारा लागून पुन्हा लाल होते. म्हणून नगरपालिकेच्या बंबावरची माणसं एकेक गठाण उकलतायत, भिजवतायत, पुन्हा उकलतायत.

(दृश्य : काळं पाणी पायऱ्यांवरून वाहतंय. फाटकाशी पिवळा जेसीबी.)

हा जेसीबी नीट बघा. चालक चहा पितोय, इंजिन सुरू आहे. शेठजींना अंगण मोकळं हवंय. बाहेर कापसाच्या गाड्या रात्रीपासून खोळंबल्यात, आणि त्या गाड्यांत शेतकऱ्याच्या वर्षाची कमाई आहे. त्यांची घाई खोटी नाही.

पण आग कुठे जन्मली, ते याच काळ्या ढिगात लिहिलेलं आहे. बकेट एकदा फिरलं की ते पुसलं गेलं.

(दृश्य : अग्निशमन अधिकारी हात वर करतात. जेसीबी बंद होतो.)

"थांब रे, अजून बघू दे."

चालक थांबला. साहेबांचा मान ठेवून थांबला, एवढंच. आग पेटलेली असताना याच अधिकाऱ्याला दार फोडता येतं, रस्ता बंद करता येतो, माणसं हटवता येतात. ती विझली की कारणाचा शोध दुसऱ्या कचेऱ्यांकडे जातो. पहिल्या ज्वाळा ज्याने पाहिल्या, धुराचा रंग ज्याने पाहिला, कोणतं दार आतून बंद होतं हे ज्याला ठाऊक आहे, तो माणूस एक दाखला लिहितो आणि बंब घेऊन परत जातो. आमचं म्हणणं इथूनच सुरू होतं.

(दृश्य : पंचनामा. प्लास्टिकची खुर्ची, मांडीवर कागद.)

दहाच्या सुमाराला पंचनामा झाला. तलाठ्यांचा पंचनामा नुकसानीचा असतो. किती गठाणी, किती सरकी, पत्रे किती. कारणाच्या रकान्यात एक शब्द बसतो : शॉर्टसर्किट. खान्देशातल्या कितीतरी आगींच्या कागदावर हा शब्द तार तपासण्याआधी उमटलेला असतो. आम्हाला तो खटकतो. कारण तो लिहिला की पुढे कोणी विचारत नाही.

पोलिस ठाण्यात ‘अकस्मात जळीत’ अशी नोंद झाली. कुणी मुद्दाम लावली असा संशय असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२६ लागतं. आगीशी हयगय केली असेल तर २८७. कायद्याने पोलिसांच्या हातात एक मोठी गोष्ट दिली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७६ म्हणतं की सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर यावं, पुरावा गोळा करावा, आणि त्याचं चित्रीकरण व्हावं. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. पण नोंद जर ‘अकस्मात’चीच राहिली, तर तज्ज्ञ कोणाच्या बोलावण्याने येणार?

(दृश्य : दुपार. पांढरी जीप. विद्युत निरीक्षक उतरतात.)

हे विद्युत निरीक्षक. लोक यांना महावितरणचे समजतात. तसं नाही. हे राज्य सरकारचे अधिकारी, आणि महावितरणचीही चूक असेल तर तीही यांनीच सांगायची असते. इथे ते आले, कारण रात्री एका कामगाराचे दोन्ही हात भाजले.

विद्युत अधिनियम २००३, कलम १६१. विजेमुळे माणूस किंवा जनावर दगावलं, जखमी झालं, किंवा तसं होण्याची शक्यता होती, तर खबर द्यावीच लागते. मृत्यू असेल तर चोवीस तासांत, आणि लेखी अहवाल अठ्ठेचाळीस तासांत. पुढे सरकार निरीक्षकाला चौकशी करून कारण कळवायला सांगू शकतं. त्या चौकशीत साक्षीदाराला हजर करण्यासाठी आणि कागद, वस्तू मागवण्यासाठी त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात. मीटरच्या नोंदी, दुरुस्तीची वही, जळलेला स्टार्टर, मागितलं की द्यावं लागतं.

आणि कुणाच्या जिवाला धोका न होता नुसता कापूसच जळला असता तर? या कलमाखाली खबर देण्याचं बंधनच उरलं नसतं.

(दृश्य : जवळून. तळहातावर तारेचा तुकडा.)

इथे कॅमेरा थांबवा.

तांब्याची तार, बोटभर लांब. टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा मणी, गोल, गुळगुळीत. त्याच्या मागे तार जशीच्या तशी, जाडी तीच. दुसरा तुकडा बघा. टोक ओघळलेलं, मेणबत्तीसारखं निमुळतं, मागची तारही जागोजाग बारीक झालेली. तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं. दुसरा तुकडा आगीने वितळवला. पहिल्याचं टोक विजेच्या ठिणगीने, एका क्षणात, एकाच जागी वितळलं.

म्हणजे शॉर्टसर्किट सिद्ध झालं का? नाही. निरीक्षक इथेच सावध होतात. मणी एवढंच सांगतो की त्या क्षणी तारेत वीज होती. आगीने आधी आवरण जाळलं आणि मग तारा एकमेकींना चिकटल्या, तरी असाच मणी बनतो. म्हणून मणी सापडला ती जागा महत्त्वाची. भिंतीवर काजळी कुठे खालपर्यंत उतरली, कुठे वर पसरली, पत्र्याचा रंग कुठे उडाला, खांब कोणत्या बाजूने जास्त भाजला, हे सगळं त्या मण्याशेजारी मांडावं लागतं. ढीग हलवला असता तर मणी सापडलाही असता, पण त्याची जागा हरवली असती.

(दृश्य : कारखाना निरीक्षक, हातात कागद. जेसीबीचालक पुन्हा गाडीत चढून बसलाय.)

थांबवायचा कागद शेवटी आला तो औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडून. आम्ही चित्रीकरण केलं तेव्हा १९४८ चा कारखाने अधिनियम लागू होता. त्याचं कलम ९ निरीक्षकाला सांगू देत होतं की चौकशी होईपर्यंत ही जागा, या वस्तू जशा आहेत तशाच राहतील. मोजमापं, फोटो, चित्रीकरण, रजिस्टर जप्त करणं, सगळं त्यात बसत होतं. कोणी जखमी झालं नसलं तरीही अपघाताची चौकशी करता येत होती, आणि विजेच्या कायद्यातली उणीव इथे भरून निघत होती.

शेठजींनी कागद वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. जेसीबी गेला.

(दृश्य : फिटर, पायरीवर बसलेला.)

कारखाना निरीक्षकांनी फिटरला विचारलं, आवाज कधी आला? कापूस ओढणाऱ्या पाइपातून काही खडखडलं होतं का? कापसात दगड किंवा लोखंडाचा तुकडा आला, आणि तो पंख्यावर, रोलरवर आपटला, की ठिणगी पडते. ती ठिणगी पाइपातून थेट रुईच्या गंजीवर जाते. जिनिंगमधल्या माणसाला हे कोणी शिकवावं लागत नाही.

फिटर बराच वेळ गप्प. मग, "आठे काहीच ऱ्हायनं नही, भाऊ." (इथे काहीच राहिलं नाही, भाऊ.)

त्याला घाबरायचं कारण नाही, हे कुणीतरी सांगायला हवं होतं. स्वतःवर दोष येईल असं उत्तर देण्याची सक्ती निरीक्षकाला करता येत नव्हती, हेही त्याच कलमात होतं. निरीक्षकांनी ते त्याला सांगितलं. साध्या मराठीत, शेजारी बसून. नंतर तो बोलला.

(दृश्य : भिंतीवरचं अग्निशामक नळकांडं. धूळ. तपासणीचा कागद.)

हे नळकांडं आगीपूर्वीची गोष्ट सांगतं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. मालकाने परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचा दाखला वर्षातून दोनदा द्यायचा, जानेवारीत आणि जुलैत. अग्निशमन दलाच्या नामनिर्देशित अधिकाऱ्याला तीन तासांची नोटीस देऊन सूर्योदय ते सूर्यास्त आत शिरून तपासणी करता येते. जीविताला धोका वाटला तर कुठल्याही वेळी. सकाळी हात वर करून जेसीबी थांबवणारे साहेब आगीआधी या कायद्याने इतके बळकट, आणि आगीनंतर त्यांच्याकडे नुसता शब्द.

खान्देशाने याआधीही हे पाहिलं आहे. शिरपूरजवळ वाघाडीत ३१ ऑगस्ट २०१९ ला रसायन कारखान्यात स्फोट झाला, दहाहून अधिक माणसं गेली. एप्रिल २०२३ मध्ये साक्री तालुक्यात मेणबत्तीच्या कारखान्यात महिला कामगार जळाल्या.

(दृश्य : संध्याकाळ. पाकीट, लाख, पंचांच्या सह्या.)

तारेचे दोन्ही तुकडे वेगवेगळ्या पाकिटांत. प्रत्येकावर कुठून उचलला, किती वाजता, जमिनीपासून किती फुटांवर. राखेचा नमुना पत्र्याच्या कोऱ्या डब्यात, झाकण घट्ट, कारण रॉकेल किंवा पेट्रोल असेल तर त्याची वाफ साध्या पिशवीतून निघून जाते. पंचांनी सही केली. जप्तीचं चित्रीकरण एका हवालदाराच्या मोबाइलवर झालं. पाकिटं नाशिकच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातील.

(दृश्य : भिजलेल्या गठाणींवर वाफ. मागे बंब फाटकाबाहेर पडतो.)

अहवाल अजून आलेला नाही. भाजलेला कामगार घरी आहे, हंगामी मजूर दुसऱ्या जिनिंगवर गेले. कारणाचा रकाना पोलिसांनी तूर्तास मोकळा ठेवला आहे.