सनद, बिल्ला आणि कलम 185

साताऱ्याचा बोगदा ओलांडला की कासचा रस्ता यवतेश्वराच्या घाटाला लागतो. फुलांच्या दिवसांत पर्यटकांनी भरलेला हा रस्ता वर्षअखेरीच्या रात्री वेगळ्याच गर्दीचा असतो. मेजवानी आटोपून घाट उतरणाऱ्या चालकाला पोलिसांनी थांबवले, ब्रीद अॅनालायझरमध्ये फुंकर मारायला लावली आणि 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्य असल्याचे दिसले, तर 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 185 त्याला लागू होते.

समजा, हा चालक साताऱ्यात वकिलीच्या शेवटच्या वर्षाला शिकणारा तरुण आहे. सिग्नल तोडल्याचे चलन भरून मोकळे होता येते, तसेच हेही प्रकरण मिटेल, अशी त्याची समजूत असते. परंतु कलम 185 चा गुन्हा पोलिसांकडे तडजोड शुल्क भरून मिटत नाही. त्यासाठी न्यायालयात उभे राहावे लागते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हेलपाटे नकोत म्हणून तो गुन्हा कबूल करतो, दंड भरतो आणि घरी जातो. त्याच्या लेखी तो दंड असतो. कायद्याच्या लेखी ती दोषसिद्धी असते.

ज्याचे पोटच स्टिअरिंगवर आहे, त्याला याची झळ लगेच लागते. रस्ता सुरक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने 2015 मध्ये मद्यपी चालकाचा परवाना किमान तीन महिने निलंबित करण्याचे निर्देश राज्यांना दिले. टॅक्सी किंवा ट्रक चालवणाऱ्या माणसाचे हे तीन महिने कसे जातात, हे त्याच्या घरच्यांनाच विचारावे. प्रवासी वाहन चालवण्यासाठी लागणारा बिल्ला काढताना पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते, तेव्हाही जुनी नोंद समोर येऊ शकते.

विद्यार्थ्याचा प्रश्न मात्र अधिक गुंतागुंतीचा आहे. अधिवक्ता अधिनियम, 1961 च्या कलम 24 अ नुसार नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तीला सनद, म्हणजे वकिली करण्याचा परवाना, मिळत नाही. शिक्षा भोगून सुटल्यावर दोन वर्षे लोटली की हा अडसर दूर होतो. चार्टर्ड अकाउंटंट आणि डॉक्टर यांच्या नियमांतही हाच शब्दप्रयोग आढळतो. अडचण अशी की नैतिक अधःपतन म्हणजे नेमके काय, हे या कायद्यांनी सांगितलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये पवन कुमार खटल्यात वीस रुपये दंडाच्या शिक्षेवरून गेलेली एका कर्मचाऱ्याची नोकरी वाचवली आणि मुळातच नीच, हीन असे वर्तन असेल तरच ते नैतिक अधःपतन, असा अर्थ लावला. त्या अर्थाने पाहता, कोणाला इजा न झालेले, दंडावर निभावलेले कलम 185 चे प्रकरण सहसा या व्याख्येत बसू नये. मात्र त्याच रात्री कोणी गाडीखाली सापडले असेल, तर खटला कलम 185 पुरता राहत नाही आणि हा युक्तिवादही तितका सोपा राहत नाही. पवन कुमार निकालात न्यायालयाने आणखी एक सूचना केली होती: दोन हजार रुपयांपर्यंतच्या दंडाची शिक्षा ही दोषसिद्धी मानू नये, असा कायदा संसदेने करावा. त्या वेळी कलम 185 च्या पहिल्या गुन्ह्याचा कमाल दंड नेमका दोन हजारच होता. तो 2019 च्या दुरुस्तीने दहा हजारांवर गेला.

खरी घसरण अर्जाच्या कागदावर होते. आपल्यावर गुन्हा दाखल झाला होता का, शिक्षा झाली होती का, असे प्रश्न अर्जात आणि पडताळणीच्या नमुन्यात असतात आणि ‘फक्त दंड होता’ असे मनाशी ठरवून उमेदवार ‘नाही’ असे लिहितो. सरकारी नोकरीच्या संदर्भात अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये स्पष्ट केले, की दिलेली माहिती खरी असलीच पाहिजे. क्षुल्लक प्रकरणाकडे दुर्लक्ष करण्याची मुभा नियोक्त्याला आहे, पण सत्य सांगितले म्हणून नेमणूक द्यायलाच हवी, असेही नाही. म्हणजे उघड केलेल्या दंडावर निदान विचार तरी होतो, लपवलेल्या दंडाने मात्र खोटे बोलल्याचा दुसरा ठपका अंगावर येतो.

म्हणूनच या तरुणाने दंडाची पावती खिशात घालून न्यायालयातून थेट घरी जाऊ नये. निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी नक्कल विभागात त्याच दिवशी अर्ज करावा. सनदेच्या अर्जात ‘होय’ लिहिल्यावर सोबत जोडायला तोच कागद लागतो.