आधी झाकण, मग हीटर

(दृश्य: निफाड परिसर, पहाट. द्राक्षबागेतला धूर.)

डिसेंबरातली पहाट. निफाडच्या द्राक्षबागांमध्ये ठिकठिकाणी शेकोट्या पेटल्या आहेत. थंडीने मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून शेतकरी रात्र जागून काढतात. जवळच कुंदेवाडीचं गहू संशोधन केंद्र आहे. थंडीची लाट आली की तिथल्या पाऱ्याचा आकडा राज्यभरच्या बातम्यांत येतो. नाशिक शहर निफाडपेक्षा जरा उबदार, पण तेही समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर. पारा १० च्या खाली गेला की शहरातही स्वेटर-कानटोपीशिवाय कुणी दिसत नाही.

(दृश्य: जुनं नाशिक. वाड्याचा दरवाजा, तळमजल्याची खोली, कोपऱ्यातला टँक.)

जुन्या नाशकातल्या या वाड्याच्या भिंती हातभर जाड आहेत. खाली शहाबादी फरशी, उजेडाला एकच खिडकी. उन्हाळ्यात इथून उठावंसं वाटत नाही. हिवाळ्यात मात्र ऊन इथवर पोचतच नाही, आणि एकदा गार पडलेल्या भिंती दिवसभर गारच राहतात. सकाळचे साडेसहा वाजलेत. खोलीत १४ अंश, माशांच्या टँकच्या पाण्यात २५.

हा ११ अंशांचा फरक या घरातल्या आजी रोज सांभाळतात. उठल्या की चूळ भरायच्या आधी टँकपाशी येतात, तापमापक पाहतात आणि खोलीचा नि पाण्याचा आकडा कालनिर्णयावर, दुधाच्या हिशोबाशेजारी लिहितात.

(दृश्य: कालनिर्णयावरचे आकडे. मग निऑन टेट्रांचा थवा, जवळून.)

निळ्या-लाल पट्ट्यांचे हे निऑन टेट्रा मूळचे अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातले. गप्पीही दक्षिण अमेरिकेतले, फायटर थायलंडकडचा. उबदार पाण्यातल्या या जाती २४ ते २६ अंशांत सुखाने राहतात. आपल्याला थंडी वाजली तरी अंग आतून तापतं. माशाला ती सोय नाही. पाणी जितकं गार, तितकाच मासा गार. मग खाल्लेलं पचत नाही, पोहणं मंदावतं, रोगाशी झुंजायची ताकद उरत नाही आणि अंगावर मिठाचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके उठतात. गेल्या हिवाळ्यात या टँकमधला आधीचा थवा असाच गेला.

यंदा दिवाळी झाली तसं आजींनी आणि नातवाने काम हाती घेतलं.

(दृश्य: टँकवर काच सरकवतानाचे हात. काचेच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब.)

पहिलं काम झाकणाचं. थंडी म्हटलं की लोक थेट हीटर घ्यायला धावतात, पण टँकमधली ऊब सगळ्यात जास्त जाते ती वरच्या उघड्या पाण्यातून, वाफ होऊन. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना जवळपास ५८० कॅलरी उष्णता निघून जाते. दोन फुटी टँकमध्ये साधारण ५० लिटर पाणी असतं. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत त्यातलं अर्धा लिटर उडालं, तर त्या वाफेबरोबर सगळं पाणी पाच-सहा अंशांनी गार करण्याइतकी उष्णता गेली. हीटर रात्रभर राबतो तो हीच गळती भरून काढायला. म्हणून आधी झाकण. काचवाल्याकडून मापाने कापून आणलेली, कडा घासलेली साधी काच पुरते. वायर आणि नळीपुरता एक कोपरा मोकळा ठेवायचा, तिथून हवाही खेळते. फायटर पाळणाऱ्यांनी तर झाकणाशिवाय राहूच नये. फायटर पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतो, आणि झाकणाखालची हवा दमट, कोमट राहते.

(दृश्य: उदबत्तीचा धूर खिडकीकडून टँककडे वळताना.)

हे पाहा. आजींनी देवापुढची उदबत्ती उचलली आणि खिडकीपाशी धरली. धूर सरळ वर जायच्या ऐवजी आडवा होऊन टँककडे निघाला. जुन्या लाकडी चौकटीच्या फटीतून रात्रभर येणारा वारा आता डोळ्यांना दिसतोय. फटीत जुन्या सुती साडीच्या पट्ट्या बसल्या. टँकही खिडकीपासून आतल्या भिंतीकडे हलवला, अर्थात बराचसा रिकामा करून. भरलेला टँक उचलायचा नसतो, काचेचे जोड सुटतात.

(दृश्य: थर्माकोल कापताना उडणारे पांढरे दाणे. नातवाच्या केसांत अडकलेले दाणे.)

मग थर्माकोल. इंचभर जाडीचा, स्टेशनरीच्या दुकानात मिळतो तोच. हॅकसॉ ब्लेडने कापायचा. थर्माकोलमध्ये बहुतेक हवाच कोंडलेली असते, त्यामुळे काचेच्या तुलनेत त्यातून उष्णता वीस पटींहूनही कमी वाहते. मागची बाजू आणि दोन्ही कुशी झाकल्या. एक तुकडा तळाखालीही घातला, कारण लोखंडी स्टँडखालून गार हवा फिरते. तळाला थर्माकोल असला की स्टँडचा उंचसखलपणाही काचेला बाधत नाही. समोरची बाजू दिवसा उघडी. रात्री तिच्यावर गोधडी येते. एअर पंप मात्र गोधडीत गुंडाळायचा नाही, तो मोकळाच हवा.

(दृश्य: रिकाम्या काचेच्या भांड्यात हीटर. खाली सोडलेला लाल रंग वर चढताना.)

हीटर येतो तो यानंतर. तो कुठे लावायचा हे पाहायला मासे नसलेल्या भांड्यात खायच्या रंगाचा थेंब सोडला. रंग हीटरलगत वर चढला आणि वरच पसरला, तळाला पाणी तसंच गार. म्हणून हीटर खालच्या बाजूला, तिरका किंवा आडवा, आणि फिल्टरचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथे. म्हणजे तापलेलं पाणी टँकभर फिरतं. आडवा लावायचा तर पूर्ण पाण्यात बुडणाराच हीटर हवा.

दुकानात लिटरला एक वॉट असा हिशोब सांगतात. खोली पाण्यापेक्षा दहा-अकरा अंशांनी गार असेल तर तो अपुरा पडतो, दीड ते दोन वॉट धरावेत. इथे १०० वॉटचा एक न घेता ५० वॉटचे दोन घेतलेत. एखाद्याचा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान पाहून हीटर चालू-बंद करणारा भाग, चालू स्थितीत अडकला तरी एकटा ५० वॉट पाणी उकळून काढत नाही, आणि एक बंद पडला तर दुसरा रात्र निभावतो. डायलवरच्या आकड्यावर विसंबायचं नाही, तो एखाद-दोन अंश चुकीचा निघतो. पाण्यात बुडवलेला तापमापक हवाच. बाहेरून चिकटवायची पट्टी काचेचं तापमान सांगते.

(दृश्य: हीटरचा लाल दिवा विझतो. नातू आणि आजी.)

"आजी, दिवा गेला!"
"जाऊ दे रे, पाणी तापलं म्हणून गेला. लागेल परत."

हीटरच्या थर्मोस्टॅटमध्ये दोन वेगळ्या धातूंची जोडपट्टी असते. तापली की एक धातू दुसऱ्यापेक्षा जास्त प्रसरण पावतो, पट्टी वाकते आणि सर्किट तुटतं. गार झाली की पुन्हा जुळतं.

वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन मग वर न्यायची, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी प्लगपर्यंत पोचत नाही. जुन्या वाड्यांत अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय हीटर लावूच नये. आणि पाणी बदलण्याआधी हीटर बंद करून १५-२० मिनिटं थांबायचं. हीटरची गरम काच पाण्याबाहेर उघडी पडली की फुटू शकते.

(दृश्य: बादली, पातेल्यातलं वाफाळतं पाणी, बादलीत तापमापक.)

नळाचं पाणी या दिवसांत हाताला झोंबतं. ते तसंच टँकमध्ये ओतलं तर वरची सगळी मेहनत पाण्यात. बादलीत अँटी-क्लोरीनचे थेंब, मग पातेल्यातलं गरम पाणी थोडं थोडं, आणि तापमापक टँकच्या आकड्याशी जुळला की मगच आत. हाताने अंदाज घेऊ नये. थंडीने बधिरलेल्या हाताला १८ अंशही कोमट वाटतात. एका वेळी चौथा हिस्सा पाणी बदललं तरी पुष्कळ.

(दृश्य: गोल्डफिशचं भांडं.)

गोल्डफिशची गोष्ट वेगळी. तो चीनमधला, गार पाण्यात राहणारा, त्याला हीटर लागत नाही. फक्त खाणं कमी करायचं. निऑनबरोबर एकाच टँकमध्ये त्याला ठेवू नये, दोघांची गरजच निराळी.

(दृश्य: शहरातलं एक दुकान. पिशव्यांत बांधलेले मासे.)

पिशवीतला मासा घरी नेणाऱ्याला तो कुठल्या पाण्यातला, हे विकतानाच सांगायला हवं. सोबत तापमापक द्यायला हवा. तो माशापेक्षा फार महाग नसतो.

(दृश्य: वीज गेलेली खोली, टॉर्चचा उजेड.)

वीज गेली तर? चारही बाजूंनी गोधडी, आणि गरम पाणी भरून घट्ट बूच लावलेली प्लास्टिकची बाटली पाण्यात तरंगती. निवली की बदलायची. त्या वेळात खाणं द्यायचं नाही. बॅटरीवरचा छोटा एअर पंप घरात असला तर उत्तम, कारण फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंनाही प्राणवायू लागतो.

फेब्रुवारीत नाशकात दुपारी पंखा लागतो, म्हणून लोक हीटर काढून टाकतात. पण रात्री अजून गारच असतात, आणि दिवस-रात्रीतला फरक तेव्हा मोठा असतो. हीटर तसाच राहू द्यावा, दुपारी तो आपोआप बंदच असतो. सकाळच्या नोंदीत खोलीचा आकडा सलग आठवडाभर २४ च्या वर दिसला, की तो काढून, पुसून, वाळवून कपाटात.