दोन ताऱ्यांचे दोन साहेब

श्रोतेहो, नमस्कार.

पायदळात सुभेदार म्हणून मी निवृत्त झालो. नोकरीत असताना सुट्टीवर आलो की नातेवाइकांचा एक प्रश्न ठरलेला असायचा. "तुमची वीस-बावीस वर्षं नोकरी झाली, आणि कालचं पोरगं लेफ्टनंट होऊन येतं, त्याला तुम्ही सॅल्यूट मारता? कमीपणा नाही वाटत?" विचारणाऱ्याच्या मनात माझ्याविषयी मायाच असायची. म्हणून आज त्याचं उत्तर जरा सविस्तर देतो.

लेफ्टनंटच्या खांद्यावर दोन तारे असतात. सुभेदाराच्या खांद्यावरही दोनच, फक्त जोडीला एक आडवी पट्टी असते. लेफ्टनंट बावीस-तेवीस वर्षांचा असतो. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत तीन वर्षं आणि डेहराडूनच्या लष्करी अकादमीत एक वर्ष घासून निघालेला. सुभेदार शिपाई म्हणून भरती झालेला असतो आणि लान्सनाईक, नाईक, हवालदार, नायब सुभेदार अशी एकेक पायरी चढत तिथवर आलेला असतो. सॅल्यूट जातो तो राष्ट्रपतींनी त्या मुलाला दिलेल्या कमिशनला, म्हणजे अधिकारी म्हणून केलेल्या नेमणुकीला. तिथे वय मोजत नाहीत. आणि सॅल्यूटला उत्तर देणं हे अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, उपकार नव्हेत. मोबाइलवर बोलता बोलता नुसती मान हलवून सॅल्यूट घेणारा अधिकारी मला कधीच आवडला नाही. जवान तोंडाने काही बोलत नाहीत, पण कुणाचा हात मनापासून वर येतो हे त्यांना बरोबर कळतं.

डोक्यावर टोपी किंवा पगडी नसेल तर आपल्या सैन्यात हात उचलत नाहीत, सावधान उभं राहतात. भूदलात तळहात समोरच्याला दिसतो, नौदलात तो खाली वळलेला असतो, आणि हवाई दलाने 2006 पासून या दोन्हींच्या मधला कोन स्वीकारला. तपशील वेगळे, रीत तीच.

ही रीत अधिकाऱ्याच्या अंगात मुरते ती अकादमीतच. तिथे कवायत शिकवणाऱ्या हवालदाराला कॅडेट 'उस्ताद' म्हणतात. उस्ताद त्यांना उन्हात मैदानाला चकरा मारायला लावतो, बुटाच्या पॉलिशवरून फैलावर घेतो, आणि हे सगळं त्यांना 'साहब' म्हणतच करतो. मग दीक्षान्त संचलन होतं, अकादमीच्या चेटवुड इमारतीच्या पायऱ्या चढून 'अंतिम पग', म्हणजे कॅडेट म्हणून शेवटचं पाऊल, होतो, आईवडील खांद्यावर तारे लावतात. त्यानंतर तोच उस्ताद त्याच मुलाला कडक सॅल्यूट ठोकतो. अमेरिकेच्या सैन्यात नवा अधिकारी आपल्याला पहिला सॅल्यूट देणाऱ्याला चांदीचा डॉलर देतो. बरेच जण त्यासाठी आपल्याला घडवणाऱ्या सार्जंटलाच बोलावतात. मला ती पद्धत फार आवडते.

आपल्याकडे त्या डॉलरची भरपाई पलटणीत होते. कित्येक पलटणींत नव्या लेफ्टनंटला सुरुवातीचे काही आठवडे जवानांच्या बराकीत ठेवतात. त्यांच्याबरोबर पीटी, त्यांच्याच लंगरमधलं जेवण, रात्रीची गार्ड ड्यूटीसुद्धा. गोरखा पलटणीत गेला तर त्याला नेपाळी शिकावी लागते, मद्रास रेजिमेंटमध्ये गेला तर दक्षिणेतली भाषा. त्याचा स्वतःचा धर्म कोणताही असो, मंदिर परेडला तो जवानांच्या रांगेत बूट काढून बसतो. जवानाचा विश्वास इथे बसायला लागतो.

पण खरी परीक्षा मतभेदाच्या वेळी होते.

आम्ही उंच डोंगरात होतो. गस्त घेऊन जायचं होतं आणि वाटेत एक नाला ओलांडायचा होता. लेफ्टनंट साहेबांनी दुपारच्या जेवणानंतर निघायचं ठरवलं. मी तंबूत जाऊन म्हणालो, "साहेब, दोन मिनिटं." ते थांबले. मी सांगितलं की दिवसभर वर बर्फ वितळतं आणि दुपारनंतर नाल्याला पाणी चढतं, उतार मिळतो तो पहाटे. त्यांनी नकाशा उघडला, मला दोन प्रश्न विचारले. संध्याकाळच्या फॉलिनला, म्हणजे सगळे रांगेत उभे राहिल्यावर, त्यांनी जाहीर केलं, "पहाटे चारला निघायचं." सल्ला कुणाचा, हे मी कुणाला सांगितलं नाही. तंबूतलं तंबूत राहिलं.

दुसऱ्या दिवशी उलटं झालं. परतताना कड्यावरून जवळची वाट होती आणि जवान थकले होते. मी म्हणालो, तिकडून जाऊ. साहेबांनी ऐकून घेतलं आणि नको म्हणाले. ती वाट समोरच्या टेकडीवरून उघडी पडत होती. निर्णय त्यांचा होता आणि तो माझ्या मनाविरुद्ध होता. मी "ठीक आहे साहेब" म्हटलं आणि जवानांना हुकूम दिला तो माझाच असल्यासारखा. सुभेदाराची कसोटी इथेच लागते. "साहेबांचं म्हणणं आहे म्हणून चला" असं नुसतं आवाजातून जरी जाणवलं, तरी पुढच्या वेळी जवान त्या अधिकाऱ्याच्या हुकमाला पाय ओढत उठतात, आणि त्याचं पाप सुभेदाराच्या माथी असतं.

त्या रात्री मुक्कामाला पोहोचल्यावर लेफ्टनंट साहेब टॉर्च घेऊन एकेका जवानाचे मोजे उतरवून पाय बघत होते. कुठे फोड आलाय का, बोट पांढरं पडलंय का. सगळ्यांच्या ताटात पडल्यावर ते जेवायला बसले. 1932 मध्ये डेहराडूनच्या अकादमीचं उद्घाटन करताना तेव्हाचे सरसेनापती चेटवुड यांनी सांगितलं होतं की आधी देश, मग तुमच्या हाताखालचे जवान, आणि तुमचा स्वतःचा आराम सगळ्यांत शेवटी. ते वाक्य तिथे भिंतीवर आहे. मी ते टॉर्चच्या उजेडात पाहिलं.

कायदाही दोन्ही बाजूंना बांधतो, हे फार लोकांना माहीत नसतं. 1950 च्या आर्मी ॲक्टचं कलम 41 वरिष्ठाचा हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा सांगतं, पण तो हुकूम कायदेशीर असला पाहिजे. आणि कलम 47 हाताखालच्या माणसाला मारहाण किंवा छळ करणाऱ्याबद्दल आहे, मग तो अधिकारी असो, सुभेदार असो वा हवालदार. कोर्ट मार्शलमध्ये दोषी ठरला तर सात वर्षांपर्यंत कैद. सैनिक संमेलनात साधा शिपाई उभा राहून थेट सीओ साहेबांपुढे, म्हणजे पलटणीच्या प्रमुखापुढे, आपलं गाऱ्हाणं मांडू शकतो.

आजच्या मुलांबद्दल एक काळजी मात्र बोलून दाखवतो. लेफ्टनंट आणि नवा शिपाई जवळपास एकाच वयाचे असतात. दोघांचे मोबाइल सारखे, गाणी सारखी. व्हॉलीबॉलच्या मैदानावर त्यांनी एकमेकांविरुद्ध जीव तोडून खेळावं, तिथे कुणी कुणाला सूट देऊ नये. पण काही अधिकाऱ्यांना मैदानाबाहेरही यार व्हायचं असतं. मग एखाद्या सणाच्या रात्री त्याच यारला पहाऱ्यावर पाठवायची वेळ येते आणि तो दुखावतो. बाकीचे तीसेक जण टक लावून बघत असतात की याला सूट मिळते का. आपलेपणा हवाच, पण तो सगळ्यांच्या वाट्याला सारखा यायला हवा. आणि कुणाची कानउघाडणी करायची असेल तर त्याला बाजूला घ्यावं. हवालदाराला त्याच्याच सेक्शनपुढे, म्हणजे त्याच्या हाताखालच्या तुकडीपुढे, बोललात, तर उद्यापासून तो सेक्शन त्याचं ऐकणार नाही आणि त्याचा त्रास तुम्हालाच होईल.

सैन्यात निवड झालेली मुलंमुली कधी कधी मला भेटायला येतात आणि विचारतात, पलटणीत गेल्यावर पहिलं काम कोणतं? मी सांगतो, एक वही घ्या. प्लाटूनमधल्या प्रत्येकाचं नाव, गाव, घरी कोण आजारी आहे, कुणाची सुट्टी अडली आहे, सगळं लिहून काढा. आणि वही घेऊन बसायचं ते सुभेदार साहेबांजवळ बसा. निम्मं त्यांना तोंडपाठ असतं, उरलेलं कुणाला विचारायचं तेही ते सांगतील.

जय हिंद.